दुसऱ्या मजल्यावरच्या भाषा

तो काचेच्या बाटल्यांचा वार होता. फुनाबोरीतल्या आमच्या इमारतीत कचऱ्याचे वार पाठ असावेच लागतात. बाटली चुकून प्लास्टिकच्या दिवशी ठेवली की ती परत दारात येते, वर एक नम्र चिठ्ठी चिकटवलेली. मी घरून काम करत होते आणि पुढच्या मीटिंगला थोडाच वेळ होता. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन मी धावत खाली गेले.

कचऱ्याच्या शेडपाशी एक उंच बाई फोनवर बोलत उभी होती. पोट बरंच पुढे आलेलं, डोक्याला पिवळं फडकं, मोकळ्या हातात एक बाटली. बोलता बोलता ती बाटली हवेत अशी फिरवत होती की मी जरा लांबूनच थांबले. आणि मग मला ऐकू आला तो ड. खणखणीत, जीभ टाळ्याला टेकवून काढलेला, आपला ड.

जपानमध्ये सहा वर्षं राहिल्यावर हा आवाज कानावर पडला की काय होतं, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. आमच्या ऑफिसात डेटाचा देएता होतो. ट, ड, ण ही मंडळी इथे नसतातच. मी बरण्या हातात घेऊन तशीच ऐकत राहिले. तिच्या बोलण्यात द पण होता, आणि तो द म्हणून वेगळा होता. मला वाटलं, ही दक्षिणेकडची असणार.

फोन संपल्यावर मी जपानीत विचारलं, "माफ करा, तुम्ही कुठल्या?"

"तोगो," ती म्हणाली.

तोगो हे जपानी आडनाव असतं. नवरा जपानी असेल, असं समजून मी वाकून म्हटलं, "तोगो-सान, तुम्हाला भेटून आनंद झाला."

ती इतकी हसली की बाटली पडता पडता वाचली. "तोगो माझा देश! आफ्रिकेत. घानाच्या शेजारी. मी लोमेची." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही इंडिया? मग तुम्ही ऐकत का उभ्या राहिलात?"

मी तिला ड आणि द म्हणून दाखवले. तिचे डोळे मोठे झाले. तिने बाटली खाली ठेवली, बोट वर केलं आणि शाळेतल्या बाईंसारखी म्हणाली, "म्हणा: दु."

"दु."

"ते गाव. आता म्हणा: डु."

"डु."

"ते खाणं!" ती ओरडलीच. "इथे कोणालाच हे जमत नाही! माझ्या जपानी मैत्रिणी रोज गावच खातात!"

माझी मीटिंग सुरू होऊन गेली होती. आमची मैत्री अशी झाली.

ती दुसऱ्या मजल्यावर राहायची, मी पाचव्या, म्हणून आमच्या घरात ती 'खालची' झाली. आम्ही बोलायचो मोडक्या जपानीत, मध्येमध्ये इंग्रजी. तिच्या रागाचे शब्द मात्र फ्रेंच असायचे. तिची भाषा एवे. नवरा शेजारच्या बेनिन देशातला, त्याची भाषा फॉन. तो इचिकावात एका यार्डात जुन्या गाड्या तपासून आफ्रिकेला पाठवायच्या कामावर होता. एवे, फॉन आणि आजूबाजूच्या आणखी काही भाषा मिळून एक छोटं कुटुंब आहे, आणि त्या सगळ्यांत भाषेला एकच शब्द आहे: ग्बे. म्हणून अभ्यासक त्या कुटुंबालाच ग्बे म्हणतात, असं तिने सांगितलं. घरात ती एवेत बोलायची, तो फॉनमध्ये उत्तर द्यायचा, आणि भांडण झालं की दोघं फ्रेंचवर यायची.

"फ्रेंचच का?" मी विचारलं.

"कारण मग दोघांनाही सारखंच परकं," ती म्हणाली. "कोणाची भाषा वरचढ नाही."

हा ग्बे शब्द आमच्या घरात महिनाभर पाहुण्यासारखा राहिला. त्यातला ग आणि ब एका वेळी म्हणायचा असतो. एकामागून एक नाही, एकदमच. पाण्यातून बुडबुडा फुटल्यासारखा. मी म्हणायचे ग्‌-बे. माझी लेक, जी तेव्हा तिसरीत होती आणि माझ्या मराठीला जपानीत उत्तरं देते, ती म्हणायची गुबे. नवरा जेवताना प्रयत्न करायला गेला आणि आमटी सांडून बसला. पण लेकीने एका ठिकाणी मला हरवलं. एवेत दोन प्रकारचे फ आहेत. एक दात ओठावर टेकवून, आणि एक नुसत्या ओठांनी, दिव्यावर हलकी फुंकर मारावी तसा. हा दुसरा फ म्हणजे थेट जपानी लोक फुनाबोरी म्हणताना काढतात तो. लेकीने पहिल्याच फटक्यात 'फु' म्हटलं आणि खालची टाळ्या वाजवायला लागली. "समुद्र! हिने समुद्र म्हटलं!" लेक त्यानंतर आठवडाभर स्टेशनचं नाव वाचताना म्हणायची, "समुद्र-नाबोरी."

तसंच व चं. त्यांच्या भाषेचं नाव एवे, आणि दोन या आकड्यालाही एवे. एकात ओठांना ओठ जवळ येतात, दुसऱ्यात दात लागतो. मला दोन्ही ऐकताना सारखेच. खालची वैतागून म्हणायची, "अगं, तू आत्ता म्हणालीस की मी दोन बोलते."

"तू बोलतेसच की, दोन," मी म्हटलं. तोवर आम्ही मनातल्या मनात अगं-तुगंवर आलो होतो. जपानीत तशी सोय नाही.

बाळंतपण जवळ आलं तशी तिची आई यायची ठरली. त्याच सुमारास माझ्या सासूबाई ठाण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सासूबाई मूळच्या कुडाळच्या. मी पुण्याची, त्यामुळे माझ्याशी त्या जपून, शाळेतलं मराठी बोलतात. पण आनंद, राग किंवा घाई झाली की मालवणी बाहेर येतं. जपानमध्ये आल्यापासून या तिन्ही गोष्टी त्यांना रोज होत होत्या, त्यामुळे घरात मालवणीच चालू होतं.

खालचीची आई आली ती पावसाळी थंडीच्या दिवसांत, अंगावर जावयाचा मोठं जॅकेट आणि त्याखाली निळ्या-केशरी नक्षीचा घोळदार झगा. ती लोमेची नव्हती. मुलगी शिकायला म्हणून लोमेला गेली, तिथेच राहिली. आई मात्र आत डोंगराकडच्या गावात. तिची एवे वेगळी. मलाही ते कळत होतं, म्हणजे शब्द नाही, चाल. मुलगी बोलायची ती बाजारात चालल्यासारखी झपझप, आईचं बोलणं चढावर थांबत थांबत जाणारं. आईला फ्रेंच जेमतेम यायचं. म्हणजे जावयाशी बोलायला उरली एवे आणि फॉन, आणि दोघांची गाडी अर्ध्या रस्त्यात भेटायची. तो घराला खरखरीत आवाजात 'ह्वे' म्हणायचा, ती फुंकर मारत 'अफे'. तो पाण्याला 'सिन', ती 'त्सी'. मक्याच्या पिठाची घट्ट उकड त्या घरात रोज व्हायची, आणि तिला आई एक नाव द्यायची, मुलगी लोमेतलं दुसरं, जावई तिसरंच. तिन्ही नावांनी तीच उकड फस्त व्हायची.

दोन आयांची गाठ लिफ्टमध्ये पडली. सासूबाई भाजी घेऊन येत होत्या. घरी येऊन त्यांनी पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "गो बाये, त्या खालच्या बाईक बोलाव मा वर. एकटीच बसता ती दिसभर."

"आई, तुम्ही बोलणार काय तिच्याशी?"

"बोलाक काय होया? बसाक होया."

ती आली. दारातच सासूबाई म्हणाल्या, "ये गो, बस." मी खालचीकडून शिकलेला शब्द वापरायची संधी सोडली नाही. म्हटलं, "वेझो!" पाहुणा आला की म्हणायचं ते, त्याचा शब्दशः अर्थ, तू चालून आलीस. ती बाई थबकली, मग दोन्ही हात पसरून मोठ्याने "योऽऽ" म्हणाली आणि पुढे मराठीत कधी कोणी बोललं नसेल इतक्या वेगाने काहीतरी बोलत सुटली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. सासूबाई मात्र मान डोलावत होत्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"थंडी वाजता म्हणता. चाय कर."

आणि खरंच, चहाचा कप हातात आल्यावर ती बाई तो गालाला लावून बसली.

त्यानंतर दुपारी दोघी शिनकावा नदीच्या काठाने फिरायला जायच्या, नाहीतर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असायच्या. सासूबाई घावणे घालायच्या, ती उकड ढवळायची. सासूबाईंच्या तोंडून 'डु नु', म्हणजे जेवा, असं इतकं साफ यायला लागलं की खालची म्हणायची, तुझ्या सासूबाईंचा उच्चार माझ्या नवऱ्यापेक्षा चांगला आहे. एकदा सासूबाई वर आल्या त्या हसतच. त्यांना कळलं होतं की एवेत आईला 'दादा' म्हणतात आणि आजीला 'मामा'.

"आवशीक दादा आणि आजयेक मामा!" त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "मगे मामाक काय म्हणतत गो?"

"विचारून सांगते."

"नको. थोडा ऱ्हवांदे उद्याक."

त्यांना भाषांचं असं एक कुटुंब असण्याचं अजिबात नवल वाटलं नाही. मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं, की ही एवे, ती फॉन, मध्ये लोमेची मिसळलेली, त्यातही डोंगरावरची वेगळी. त्या म्हणाल्या, "मगे आमच्यातय तसाच. कुडाळचा वेगळा, वेंगुर्ल्याचा वेगळा, गोयांत गेलास तर आणिक वेगळा. तुमचा पुण्याचा तर काय इचारूच नको."

मग तो दिवस आला. कामाचा वार, दुपार. नवरा ऑफिसच्या कामाने ओसाकाला, लेक शाळेत, मी मीटिंगमध्ये कॅमेरा चालू करून बसलेले. सासूबाई खाली गेल्या होत्या. अचानक दार उघडलं आणि त्या धापा टाकत आत आल्या, हाताला पीठ तसंच.

"गो बाये, चल खाली. पोरीच्या पोटात दुखता. कळा असत त्या, माका कळता."

मी स्क्रीनवरच्या मंडळींना "चोत्तो सुमिमासेन", जरा माफ करा, म्हटलं आणि हेडफोन टाकून पळाले. लिफ्टची वाट न बघता जिन्याने.

खालची सोफ्यावर हात टेकून गुडघ्यांवर बसली होती. मागे तिची आई, मुलीच्या कमरेवर तळहात गोल फिरवत, हलकेच काहीतरी गुणगुणत. त्या बाईने गावात कितीतरी बाळंतपणं पाहिली होती. तिच्या तोंडावर घाईचा लवलेश नव्हता. सोफ्यावर फोन पडलेला, स्पीकर चालू, आणि त्यातून जावई इचिकावाच्या यार्डातून ओरडत होता. मागे गाड्यांचे आवाज. त्याला एवढंच हवं होतं की कळा किती किती मिनिटांनी येताहेत.

आई शांतपणे म्हणाली, "अतों."

पलीकडून तो "अतों?" असं किंचाळला आणि फोन बंद झाला.

खालची बोलायच्या स्थितीत नव्हती. कळ आली होती. ती ओसरतेय तोवर फोन पुन्हा वाजला. हॉस्पिटल. मी उचलला. पलीकडच्या नर्सबाई अतिशय सावकाश, अतिशय सभ्य जपानीत म्हणाल्या, "यजमानांचा आत्ताच फोन आला. तीन मिनिटांनी कळा येताहेत असं म्हणाले. बाळाचं डोकं दिसतंय का?"

मी सॉफ्टवेअर तपासते. बाळांची डोकी नाही. मी सासूबाईंकडे वळून ओरडले, "आई, तीन मिनिटांनी येताहेत म्हणे!"

"कोण म्हणता तीन?" सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "मी बघतंय मा कवासून. पाच! तीन नाय, पाच!" आणि त्यांनी पिठाचा पंजा माझ्यासमोर धरला. खालचीच्या आईने तो पंजा बघितला, समाधानाने मान हलवली आणि स्वतःचाही पंजा वर केला. "अतों," ती पुन्हा म्हणाली.

मी नर्सबाईंना सांगितलं, पाच. त्या म्हणाल्या, "पण यजमान तीन म्हणाले." तेवढ्यात माझ्या स्वतःच्या मोबाईलवर यजमानांचाच फोन. टॅक्सी निघाली आहे, तो स्वतः स्टेशनकडे धावतोय.

"पाच मिनिटं आहेत," मी म्हटलं. "घाबरू नका, पाच."

"नाही, नाही, तीन! माझ्या सासूबाईंनी स्वतः सांगितलं. माझ्या कानांनी ऐकलं. अतों!"

सोफ्यावर कपाळ टेकून बसलेली खालची हळूहळू मान वर करून बघायला लागली. घामाने चेहरा ओला. तिने हात पुढे केला, मी फोन तिच्या तोंडाशी धरला.

"अरे, आमच्यात अतों म्हणजे पाच," ती म्हणाली. "तुझ्यात तीन!"

तो काहीतरी बोलला. तिने एकदा आपल्या आईकडे पाहिलं, एकदा सासूबाईंच्या पिठाच्या हाताकडे, आणि तिला हसू फुटलं. असं हसू, की आवरेचना. हसता हसताच पुढची कळ आली, आणि हसणं आणि विव्हळणं यांच्यामधला एक आवाज तिच्या तोंडून निघाला. तिची आई कमरेवर हात फिरवतच होती, पण तीही हसत होती, कारण तिला आत्ता उमगलं होतं की जावयाने काय ऐकलं.

मला हे नंतर नीट कळलं. फॉनमध्ये तीनला अतों म्हणतात. पाचलाही जवळजवळ तेच, फक्त सूर वर नेऊन आणि लांबवून. एवेत पाच म्हणजे अतों, तीन म्हणजे एतों. इतकी वर्षं संसार करून त्याला हे माहीत कसं नव्हतं? तर घरात आकडे नेहमी फ्रेंचमध्ये असायचे. भाडं, तारखा, ट्रेनच्या वेळा, सगळं फ्रेंच. भाषांचा तो एकच कोपरा त्यांनी कधी उघडून पाहिला नव्हता.

नर्सबाई अजून फोनवर होत्या. मी त्यांना सगळं समजावायचा प्रयत्न केला: एक भाषा, तिची बहीण, तीन आणि पाच. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "समजलं. पण तीन असोत की पाच, दहा असतानाच फोन करायचा असतो. आता निघा."

टॅक्सी दारात होती. खालची, तिची आई आणि मी बसलो. सासूबाई मागे राहिल्या. नात शाळेतून यायची होती, आणि गॅसवरची उकडही बघायची होती. टॅक्सीचं दार लागता लागता त्यांनी खालचीच्या गालाला हात लावला. "भिया नको गो," त्या म्हणाल्या. खालचीने मान हलवली. तिला मालवणी कळत नव्हतं आणि कळलंही होतं.

जावई हॉस्पिटलच्या दारातच होता, डोक्यावर यार्डातलं पिवळं हेल्मेट तसंच. चांगला धिप्पाड माणूस, पण चेहरा रडवेला झालेला. बायकोला आत नेलं आणि थोड्या वेळाने त्यालाही गाऊन घालून बोलावणार होते. तोवर तो, त्याच्या सासूबाई आणि मी कॉरिडॉरमधल्या बाकावर. त्या बाईने त्याच्याकडे न बघता तीन बोटं वर केली. नुसती वर केली आणि धरून ठेवली.

त्याने हेल्मेट काढून तोंडासमोर धरलं. खांदे हलत होते. हसत होता.

मग तिने त्याला एकपासून शिकवायला घेतलं. ती एवेत म्हणायची, तो फॉनमध्ये. एक वेगळे. दोनला तिचं एवे, त्याचं नुसतं वे. तीनशी आल्यावर दोघं एकमेकांकडे डोळे बारीक करून बघायची. चार मात्र जवळजवळ सारखे निघाले, तेव्हा दोघांनी एकदम "आऽऽ" केलं. पाचला त्याने सूर असा वर नेला की पलीकडच्या बाकावरच्या जपानी आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. सहा, सात, आठ, नऊ, कशाचाच कशाला मेळ नाही. दोघं आपापल्या वाटेने निघून गेल्यासारखी. आणि दहाला ती म्हणाली "एवो", तो म्हणाला "वो". बाईने त्याच्या मांडीवर थाप मारली. दोघं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्यांचं तिसऱ्यांदा मोजून होतंय तोच नर्सने त्याला आत बोलावलं.

मुलगी झाली. संध्याकाळी, सगळं सुखरूप. मी घरी फोन केला तर सासूबाईंनी आधी विचारलं, "केस असत?" मग विचारलं, "आवस बरी असा?" आणि मग म्हणाल्या की लेकीने उकड खाल्ली, आणखी मागितली.

आठवडाभराने बाळाला पहिल्यांदा उघड्यावर आणायचं होतं. त्यांच्या गावाकडे त्या सकाळी घराच्या छपरावर पाणी उडवतात आणि बाळाला खाली धरतात, म्हणजे पन्हाळीतून टपकणारे दोन थेंब त्याच्या अंगावर पडावेत. या जगात पाऊस असतो, हे त्याला कळावं म्हणून. पण नऊ मजली इमारतीच्या छपरावर पाणी उडवणार कसं? खालची म्हणाली, राहू दे. तिची आई म्हणाली, राहू कसं देणार? शेवटी माझ्या लेकीला सुचलं: सायकलींच्या शेडला पत्र्याचं छप्पर आहे.

परवानगीसाठी इमारतीच्या व्यवस्थापकांकडे मी आणि लेक गेलो. ते सत्तरीचे, कडक, वाकड्या लावलेल्या सायकलींना पिवळे कागद चिकटवणारे. लेकीने तिच्या सुंदर जपानीत त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचार केला. "किती पाणी?"

"एक पेला," लेक म्हणाली.

"एका पेल्याने टपकणार नाही. पत्र्याच्या खळग्यांतच राहील," ते गंभीरपणे म्हणाले. आणि त्या सकाळी ते स्वतः झाडांना पाणी घालायची झारी आणि शिडी घेऊन हजर होते. शेडखालच्या सायकली त्यांनी पहाटेच हलवून ठेवल्या होत्या.

त्यांनी वरून झारी धरली. आजीने बाळाला खाली धरलं. दोन थेंब पडायचे ते चांगले दहाबारा पडले, बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिडीवरचे व्यवस्थापक घाबरून सारखी माफी मागत राहिले. बेनिनमधल्या कोतोनूहून जावयाची आई व्हिडिओवर होती. ती फॉनमध्ये काही म्हणाली, इकडून ही एवेत. दोन विहिणी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि मधल्या जोडप्याला कोणी भाषांतर विचारत नव्हतं. सासूबाईंनी पुढे होऊन बाळाच्या कपाळावर, जरा बाजूला, काजळाची तीट लावली. व्हिडिओमधली बाई फोनला नाक लावून बघायला लागली. "ते काय?"

"दृष्ट," मी म्हणाले, आणि जपानीत, इंग्रजीत काय म्हणावं ते सुचेना. खालचीने मात्र लगेच काहीतरी सांगितलं, तिच्या नवऱ्याने ते त्याच्या भाषेत पुढे सरकवलं, आणि तिकडची बाई समजून हसली. त्यांच्याकडे त्याला शब्द असणारच.

वसंतात सासूबाई परत गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत खालचीची आईही. जाताना दोघींनी एकमेकींना कापडं दिली. ठाण्याला सासूबाईंनी त्या निळ्या-केशरी कापडाच्या उशांना खोळी शिवल्या आणि शेजारणींना त्या सांगतात, या माझ्या मैत्रिणीच्या.

गेल्या वर्षी जावयाच्या कंपनीने त्याला योकोहामाच्या बंदरावरच्या कामात घेतलं आणि ते लोक तिकडे राहायला गेले. दुसऱ्या मजल्यावर आता एक जपानी जोडपं राहतं, फार शांत. मला अजून कचरा टाकायला गेल्यावर कान टवकारायची सवय आहे.

मागच्या रविवारी आम्ही योकोहामाला गेलो होतो. छोटी आता चालते, होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, जाते आणि बूट घालायला साफ नकार देते. तिच्या बापाने बागेच्या गेटपाशी बूट पुढे केले आणि फॉनमध्ये समजावलं. आईने एवेत दटावलं. छोटीने दोघांचं नीट ऐकून घेतलं, मग जपानीत "इया!", म्हणजे नको, म्हणाली आणि अनवाणीच पळत सुटली, बागेच्या गवतावरून थेट पाण्याच्या दिशेने. आम्ही चौघंही मोठी माणसं आपापल्या भाषेत ओरडत तिच्या मागे. माझी लेक सगळ्यांत पुढे होती. तिने तिला कारंज्याच्या कठड्यापाशी पकडलं आणि उचलून खांद्यावर बसवलं, आणि तिथून छोटीने आमच्याकडे बघून अशा काही ऐटीत हात हलवला, की बापाने हातातले बूट तिथेच गवतात ठेवले आणि म्हणाला, "राहू दे. आधी जेवू या."